दसऱ्याला शाळा ज्या घरी जायची

ज्या घरातलं एकही मूल आमच्या शाळेत कधी गेलं नाही, त्या घरातून शाळेचा इतिहास सांगायला मला बोलावणं आलं, तेव्हाच मी सावध झाले.

तुम्ही दोघं नातवंडं बडोद्याला येता तेव्हा अकोट्याच्या या फ्लॅटमध्येच राहता. नदीपलीकडच्या जुन्या शहरातली, मी जिथे वाढले ती गल्ली तुम्ही एकदाच, तीही गाडीच्या काचेतून पाहिली आहे. म्हणून आधी जागा समजावून सांगते. गल्लीच्या तोंडाशी एक लांबट, बैठी, कौलारू इमारत आहे. पुढे लाकडी खांबांची ओसरी आणि आत एकच मोठा वर्ग, ज्याचे पुढे मध्ये भिंती घालून तीन केले. ही आमची शाळा. तिच्या एका भिंतीला लागून दुमजली मोठं घर आहे. त्याला सगळे शिलेदारांचं घर म्हणतात, कारण त्यांचे पूर्वज स्वतःचा घोडा घेऊन संस्थानाच्या फौजेत चाकरी करायचे.

शाळा संस्थानाच्या काळातली, आणि अगदी सुरुवातीच्या मोफत शाळांपैकी. फी नाही, पाटी शाळेची, आणि मूल पाठवलं नाही तर उलट आईबापांना दंड. माझे वडील सरकारी नोकर होते. सरकारचा पगार खातो त्याने मुलं सरकारच्या शाळेत बसवावीत, असं त्यांचं सरळ गणित होतं. त्यामुळे चौथीपर्यंत मी या शाळेत मराठी शिकले आणि मग मला इंग्रजी शाळेत घातलं. संस्थान गेलं, शाळा पालिकेकडे आली. आता तिथे बहुतेक वर्ग गुजराती आहेत, एक छोटा मराठी आहे, आणि भाजीवाल्यांची, कडियाकाम म्हणजे गवंडीकाम करणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची मुलं येतात.

फोन शिलेदारांच्या मुलाचा होता. मुलगा म्हणायचं इतकंच, तोही आता नोकरीतून निवृत्त झालाय. "काकू, शाळेचा इतिहास गोळा करतोय. जुने विद्यार्थी बोलावलेत. तुमच्यासाठी गाडी पाठवतो."

मी म्हटलं, रिक्षा मिळते. तो म्हणाला, छे, गाडीच येईल. आणि गाडी आली, एसी लावलेली.

तुमचे आजोबा वकील होते हे तुम्हाला माहीत आहे. ते म्हणायचे, समोरचा काय विचारतो हे तर ऐकच, पण पुन्हा पुन्हा काय विचारतो ते लक्षात ठेव. नवरात्र नुकतं बसलं होतं. शिलेदारांच्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या, दसऱ्याच्या आधीच फाफडा-जलेबी आली होती, आणि हिंचक्यासमोर, म्हणजे झोपाळ्यासमोर, मोबाइल स्टँडवर लावून ठेवला होता. एकेक म्हातारं माणूस हिंचक्यावर बसायचं, तो प्रश्न विचारायचा, आणि मोबाइल सगळं टिपायचा. मास्तर कोण, खेळ कोणते, छड्या किती, असं सुरुवातीला काहीही. पण शेवटी प्रत्येकाला एकच: "दसऱ्याला सगळी शाळा आमच्या घरी मान द्यायला यायची, हे आठवतं ना?"

आठवतं, सगळे म्हणत होते. न आठवायला काय झालं. दसऱ्याच्या सकाळी आम्ही शाळेत जमायचो. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार. मग मास्तर पुढे आणि आम्ही रांगेने मागे, पाट्या छातीशी धरून, थेट शिलेदारांच्या चौकात. तिथे चौरंगावर तलवारी मांडलेल्या असायच्या, त्यांना झेंडूच्या माळा. आम्ही आपट्याची पानं द्यायचो, जलेबीचा तुकडा घ्यायचो आणि परत फिरायचो. दुसऱ्या कुठल्याही घरी शाळा जात नसे. लहानपणी मला वाटायचं, तलवारी आहेत म्हणून जातो.

प्रश्नातल्या 'मान' या शब्दापाशी मी थांबले. दुसरी गोष्टही मला खटकली. तो प्रत्येकाला शाळेच्या बाजूच्या भिंतीकडे न्यायचा. तिथे गिलाव्याखाली एक चौकट अजून दिसते, विटांनी बुजवलेली. "इथून दार होतं," तो सांगायचा. "शाळा आणि घर एकच वास्तू. आमच्या पणजोबांनी अर्धी जागा मुलांना वापरायला दिली." आणि म्हातारी माणसं भिंतीकडे बघून मान डोलवायची.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण सुभानपुऱ्याहून आली होती. ती बोलून मोकळी झाली होती आणि दुसरी बशी संपवत होती. मी तिला हळूच विचारलं, तू ते दार पाहिलं होतंस का कधी?

"नाही बाई. पण तो एवढ्या प्रेमाने विचारतोय. आणि जलेबी खाल्ली ना आपण."

माझी पाळी आली तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा चांगला होता. तो म्हणाला, काही हरकत नाही काकू, चार दिवसांनी या, तुमचं बोलणं फार महत्त्वाचं आहे, तुम्ही इंग्रजी शिकलेल्या. यामुळे माझा संशय वाढला.

संध्याकाळी शाळेच्या मोठ्या बेनचा फोन आला. ही मुख्याध्यापिका तरुण आहे, रोज डभोईहून बसने येते, मराठी घरची आहे पण बोलताना अर्ध्या वाक्यात गुजरातीत शिरते. दुपारी ती चौकात मागे उभी होती, कोणी तिला खुर्ची दिली नव्हती. तिने सांगितलं ते असं. शिलेदारांनी पालिकेला कळवलंय की इमारत त्यांची, शाळेला फक्त वापरायला दिलेली, आता परत हवी. जुनी नोंद अर्धवट आहे. पालिकेचे साहेब दिवाळीनंतर पाहणीला येणार. त्यांना दाखवायला म्हाताऱ्या विद्यार्थ्यांचं बोलणं गोळा करणं चाललंय. जागा त्यांची ठरली तर शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत मिसळायची.

"आजी, मोठी मुलं जातील. नानां छोकरां नहीं जाय. त्या रस्त्यावर आयाच पाठवणार नाहीत. घरीच बसतील."

मग 'मान' या शब्दाचा अर्थ मला नीट कळला. दरवर्षी शाळा स्वतः चालत जाऊन मालकाला मान देत होती, असं शंभरदा म्हटलं गेलं की जागा मालकाची होते. आजोबांनी अशा दाव्यांच्या गोष्टी मला जेवताना ऐकवल्या आहेत. पहिलं कबुलीचं वाक्य माणूस स्वतःच, हसत हसत देतो.

पण आम्ही जायचो हे तर खरं होतं. मग का जायचो?

याचं एक उत्तर मी लहानपणी ऐकलं होतं, माझ्या वडिलांच्या आत्याकडून. ती आमच्याकडेच राहायची. शाळा मोफत झाली तेव्हा, ती सांगायची, गल्लीतले लोक खूश झाले नव्हते, घाबरले होते. सरकार फुकट शिकवतं म्हणजे मागून काहीतरी घेणार. कोणी म्हणे पोरांना दूर कुठे नेणार, कोणी म्हणे टोचणार, कोणी म्हणे शिकलेला मुलगा सरकारचाच होतो, बापाचा राहत नाही. तेव्हाच्या मास्तरांनी एक युक्ती काढली. दसऱ्याला ज्याच्या त्याच्या दारी सोनं द्यायला जाता येतं, कोणी हाकलू शकत नाही. म्हणून ज्या घरातलं मूल शाळेत नाही त्या घरी दसऱ्याला सगळी शाळा न्यायची. मुलांनी पाटीवरची सरस्वती दाखवायची, पानं द्यायची, आणि मास्तरांनी हात जोडून मूल मागायचं. पहिल्या वर्षी पुष्कळ घरं होती. मग कमी होत गेली. शेवटी एकच घर उरलं, शिलेदारांचं.

म्हणजे ते मान घेत होते असं त्यांना वाटायचं, आणि शाळा दरवर्षी त्यांच्या दारी मूल मागायला उभी असायची. पुढे मास्तर बदलले, मागायचं राहून गेलं आणि जाणं तेवढं उरलं.

गोष्ट छान होती. म्हणूनच मला तिचाही संशय आला. आत्या त्या घरावर कायम रागावलेली असे. तिच्या लग्नाच्या वेळी तिकडून नकार आला होता अशी कुजबूज मी ऐकली होती. नकार मिळालेली बाई त्या घराबद्दल काय सांगेल? शिवाय आत्याला गोष्ट रंगवायची हौस होती. अशा साक्षीवर तुमच्या आजोबांनी कोर्टात पाऊल ठेवलं नसतं. मग मी विचार केला, त्या घरात आत्याइतकं जुनं बोलणं ऐकलेलं कोण उरलंय? शिलेदारांच्या मुलाची आई. नव्वदीच्या पलीकडची. इंदूरकडून सून होऊन आली, तेव्हा मी परकर घालत होते. चौकातल्या त्या दुपारी ती कुठेच दिसली नव्हती, आणि हेही मला विचित्र वाटलं.

चार दिवसांनी मी मोठ्या बेनला बरोबर घेऊन रिक्षाने गेले. शिलेदारांच्या मुलाला बेन आलेली आवडली नाही, पण त्याने खुर्ची दिली. मी हिंचक्यावर बसले आणि म्हटलं, आधी काकींना बाहेर आण. त्या शेजारी असल्या तर मला आठवेल.

"आईला आता काही आठवत नाही, काकू. उगाच त्रास."

आतून आवाज आला, "कोण आलंय? शाळेसमोरच्यांची मुलगी ना?"

मग त्याला आणावंच लागलं. काकी लहानशा झाल्या आहेत, पण नऊवारी चापूनचोपून नेसलेल्या. माझ्या शेजारी हिंचक्यावर बसल्या आणि माझ्या केसांकडे बघत म्हणाल्या, "पोरी, तू तर माझ्यापेक्षा पांढरी झालीस."

त्याने मोबाइल सुरू केला. बेननेही पर्समधून आपला काढला आणि मांडीवर धरला. तो बघत होता, पण नको म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. इतिहासच तर गोळा करायचा होता.

त्याने प्रश्न विचारला, दसऱ्याला शाळा मान द्यायला यायची, आठवतं ना? मी म्हटलं, यायची खरी. पण का यायची ते मला पक्कं माहीत नाही, म्हणून काकींनाच विचारते. आणि आत्याचं नाव न घेता मी विचारलं: शाळा यायची तेव्हा तुमच्या घरातली मुलं कुठे असायची?

काकी हसायला लागल्या. दात नाहीत, त्यामुळे हसू सगळ्या तोंडभर पसरतं.

"माडीवर. कोंडून. सासूबाई सांगायच्या, मास्तर आला की पोरं वर न्यायची आणि कडी घालायची. नाहीतर पोरं पाट्या बघून मागे लागायची. ह्याच्या आजोबाला एकदा तसंच धरून आणलं होतं, जिन्यातून पळत होता."

"आई, ते वेगळं," मुलगा म्हणाला.

"वेगळं काय? मास्तर दरवर्षी हात जोडायचा, एक तरी मूल द्या म्हणायचा. आमचे लोक म्हणायचे दंड भरू, पोर देणार नाही. लेखणी कारकुनांची. मी आले तेव्हा मागणं बंद झालं होतं, पण सासूबाई कडी घालायच्याच. सवय."

मी भिंतीतल्या चौकटीकडे बोट दाखवलं आणि हे दार कधी बुजवलं म्हणून विचारलं.

"दार कसलं गं. खिडकी. पलीकडे पोरं पाढे म्हणायची दिवसभर. मामंजींना दुपारी झोप लागेना, म्हणून विटा लावल्या. तरी ऐकू यायचं. मी इथे बसून एकोणतिसापर्यंत शिकले." आणि मग मुलाकडे वळून, अगदी साधेपणाने, "जागा आपली असती तर त्यांनी तिथे शाळा घालू दिली असती होय रे?"

त्याने मोबाइल बंद केला. आवाज न चढवता कॉफी आणायला सांगितली. कॉफीत वेलदोडा होता. निघताना त्याने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, आईचं हल्ली असं होतं. काकी हिंचक्यावर बसून हलकेच झोके घेत होत्या. त्यांना खरंच काही कळत नाही, की दुपारी कोणीतरी येऊन विचारावं म्हणून त्या इतके दिवस वाट बघत होत्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्याकडे पाहत त्यांनी डोळा मिचकावला असं बेन म्हणते. मी तशी शपथ घेणार नाही.

दसरा तोंडावर आला. बेनला नवीन काळजी: शिलेदारांकडे मुलं न्यायची की नाही? नेली तर पुन्हा मान दिल्यासारखं, नाही नेली तर भांडण. मी म्हटलं, ने. पण आधी ज्या ज्या घरातलं मूल शाळेत नाही त्या प्रत्येक घरी ने. शिलेदारांचं घर त्यांतलंच एक.

मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर चालले. गुडघ्यांनी नंतर त्याची वसुली केली, ते सोडा. गल्लीच्या टोकाला एक इमारत उठते आहे, तिथे पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहतात. एका खोलीसमोर दोन मुली वाळूत खेळत होत्या. त्यांची आई दाहोदकडची असावी, कपाळावर गोंदलेलं. मुलांनी तिला आपट्याची पानं दिली, पाट्या दाखवल्या. बेनने मुली मागितल्या.

बाईने पानं उलटसुलट केली. मग म्हणाली, "फ्री छे? तो पछी शुं लेशो?"

नंतर काय घ्याल? इतकी नीट विचारलेली शंका मी फार दिवसांत ऐकली नव्हती. बेन सांगत होती, काही नाही घेत, जेवण मिळतं, पुस्तकं मिळतात, आणि ती जितकं सांगेल तितका बाईचा चेहरा घट्ट होत होता. शेवटी मी म्हटलं, बेन, तिला सांग, रोज येऊन बस आणि स्वतः बघ काय घेतो ते.

शिलेदारांच्या घरी आम्ही शेवटी गेलो. तलवारी मांडल्या होत्या. मुलगा बाहेरगावी गेला होता, म्हणे. काकींनी सगळ्या मुलांच्या हातावर जलेबी ठेवली. बेनने हात जोडून, जुन्या मास्तरांसारखंच, मूल मागितलं. काकी म्हणाल्या, आता या घरात मी एकटीच लहान आहे, मला घ्याल का? मुलं हसली.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती बाई दोन्ही मुलींना घेऊन खरंच आली. मुलींना आत बसवून स्वतः ओसरीच्या पायरीवर बसली. पहिला आठवडा कामाला गेली नाही. जेवणाचं पातेलं आलं की झाकण उघडून बघायची. कोणी मुलींना वजनकाट्यावर उभं केलं तर उठून आत यायची. बेन वैतागली होती. मी तिला म्हटलं, बसू दे.

पाहणीच्या दिवशी मला बेनने बोलावलं होतं, म्हणून मी ओसरीवर खुर्चीत होते. शिलेदारांचा मुलगा फाइल घेऊन आला. पालिकेचे साहेब आले, बरोबर एक माणूस मोजायची टेप घेऊन. त्याने टेपचं टोक पायरीला लावलं. ती बाई तिथेच बसली होती, ती हलली नाही.

"तमे कोण? शुं मापो छो?"

साहेबांनी आपण कोण ते सांगितलं. तिला ते पुरलं नाही. का मोजता, मोजून कोणाला देणार, माझ्या छोकऱ्या आत आहेत, हे सगळं तिने विचारलं, आणि साहेबांना तिथेच उभं राहून, शिलेदारांच्या मुलासमोर, उत्तर द्यावं लागलं की हे गृहस्थ जागा आपली म्हणतात. ती त्याच्याकडे वळली आणि विचारलं, इतकी वर्षं कुठे होतात?

तो फाइल उघडू लागला. तेवढ्यात बेनने साहेबांना मोबाइल दिला. त्यांनी काकींचं बोलणं उभ्याउभ्या पूर्ण ऐकलं, खिडकीचं बोलणं आलं तिथे पुन्हा एकदा मागे घेऊन ऐकलं, आणि आत जाऊन शाळेच्या बाजूने भिंत पाहिली. या बाजूने उंबरा नव्हता, पायरी नव्हती, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर नुसत्या विटा होत्या. ते म्हणाले, कोर्टातून काही आणा, तोवर शाळा जिथे आहे तिथे आहे. टेपवाल्याने टेप गुंडाळली.

कोर्टातून अजून काही आलेलं नाही. शिलेदारांचा मुलगा वाटेत भेटला तर नमस्कार करतो, तब्येत विचारतो. याचा अर्थ त्याने सोडून दिलं असाही होतो आणि दिलं नाही असाही. ती बाई आता कामाला जाते, पण दुपारच्या सुट्टीत येते, पायरीवर डबा खाते, आत डोकावते. मी जाते त्या दिवशी तिच्याशेजारी बसते. ती मला अजून विचारते, तुम्ही सारख्या का येता, तुम्हाला यातून काय मिळतं. मी सांगते, इथे शिकले. तिचा विश्वास बसत नाही.